परत आलं, पण कुणासाठी? 'ट्विन पीक्स: द रिटर्न'वरून अजून न मिटलेलं भांडण

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा मीटिंगमध्ये बसून गुपचूप वाचायचंय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं' आणि पाणी पिण्याचे ब्रेक काढलेत.

गेल्या काही एपिसोड्सनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आवडती जुनी मालिका परत येते, तेव्हा ती जुन्यासारखीच असावी की काहीतरी नवीन असावी? आपल्याकडे हा वाद झालेला आहे. २०१७ मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी'ची गँग 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन परत आली. चेहरे तेच, पण पात्रं नवी आणि गोष्टही नवी. माझ्या ओळखीतले निम्मे लोक खूश झाले, निम्मे म्हणाले, "अरे, पण माजघर कुठंय?"

गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेत हाच वाद खूप मोठ्या प्रमाणावर पेटला होता. मालिका होती 'ट्विन पीक्स'. आज तिच्याबद्दल बोलूया, कारण हा प्रश्न इतका ताणून धरणारी दुसरी मालिका मला तरी माहीत नाही.

स्पॉयलरबद्दल आधीच सांगतो. २०१७ च्या सीझनचा शेवट मी फोडणार आहे. मूळ मालिकेतला खुनी कोण, हे मात्र सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा, भारी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

८ एप्रिल १९९०. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'ट्विन पीक्स'चा पहिला भाग लागला. वॉशिंग्टन राज्यातलं एक छोटं काल्पनिक गाव, देवदारासारखी उंच झाडं, लाकडाची गिरणी, धबधबा. नदीकाठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एका शाळकरी मुलीचं प्रेत सापडतं. तिचं नाव लॉरा पामर. तपासाला येतो एफबीआयचा एजंट डेल कूपर. हा माणूस कॉफी आणि चेरी पायवर मनापासून प्रेम करतो आणि स्वप्नात दिसलेल्या गोष्टी पुरावा म्हणून वापरतो.

बनवणारे दोघं, डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट. पहिला भाग जवळपास साडेतीन कोटी लोकांनी पाहिला. तेव्हा इंटरनेट म्हणजे यूजनेट, फक्त मजकुराचं जग. तिथं लोक व्हीसीआरवर भाग रेकॉर्ड करून, एकेक फ्रेम थांबवून थिअऱ्या मांडायचे. आज आपण ट्रेलर पॉज करून करतो ना, तेच.

मग काय झालं? सगळ्यांना एकच हवं होतं, खुनी कोण ते सांगा. वाहिनीलाही तेच हवं होतं. लिंचला ते कधीच सांगायचं नव्हतं. शेवटी दुसऱ्या सीझनच्या मध्यावर, नोव्हेंबर १९९० मध्ये उत्तर दिलं गेलं, आणि त्यानंतर मालिकेचा जीवच गेला. प्रेक्षक घटले आणि जून १९९१ मध्ये मालिका बंद पडली. ही सोन्याची अंडी देणारी कोंबडी होती आणि ती आपण कापली, असं लिंच नंतर बऱ्याचदा म्हणायचा.

हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत. प्रेक्षकांनी मागितलं, त्यांना ते मिळालं, आणि मग त्यांनीच बघणं सोडलं.

शेवटच्या भागात काय होतं? चांगला कूपर एका दुसऱ्याच मितीत, लाल पडद्यांच्या खोलीत अडकतो, आणि त्याच्या चेहऱ्याचा दुष्ट कूपर बाहेर येतो. त्याच खोलीत लॉरा कूपरला सांगते की आपण २५ वर्षांनी पुन्हा भेटू. आणि मालिका बंद! विचार करा, इतक्या वाईट जागी सोडून दिलेला क्लिफहँगर.

२५ वर्षांनी खरंच

ऑक्टोबर २०१४ मध्ये घोषणा झाली की मालिका परत येणार. शोटाइम या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर, आधी ९ भाग. एप्रिल २०१५ मध्ये बजेटवरून वाजलं आणि लिंच बाहेर पडला. जुन्या कलाकारांनी त्याच्या बाजूने व्हिडिओ काढला. मे महिन्यात तो परतला, आणि ९ चे १८ भाग झाले. सगळेच्या सगळे १८ त्यानेच दिग्दर्शित केले. २१ मे २०१७ ला पहिले दोन भाग दाखवले गेले.

तो काळच रिव्हायव्हलचा होता. २०१६ मध्ये 'द एक्स-फाइल्स' परत आली होती, 'गिलमोर गर्ल्स' परत आली होती, 'फुल हाउस'ची 'फुलर हाउस' झाली होती. सगळ्यांचा फॉर्म्युला साधारण सारखाच. जुना सेट, जुनी मंडळी, एक ओळखीचा डायलॉग, आणि आपण सोफ्यावर टाळ्या. शाळेचं गेट-टुगेदर असतं तसं.

'ट्विन पीक्स'च्या चाहत्यांनीही तेच गृहीत धरलं होतं. कॉफी येईल, पाय येईल, कूपर अंगठा वर करून हसेल.

पण आलं काय, तर पहिल्या भागाचा बराचसा वेळ ट्विन पीक्स गावातच नाही. न्यूयॉर्कमध्ये एक पोरगा एका रिकाम्या काचेच्या पेटीकडे बघत बसलाय. तो नोकरी म्हणून बघतोय, आणि आपण पैसे भरून त्याला बघताना बघतोय.

इथूनच दोन गट पडले.

भांडण पहिलं: डगी

तिसऱ्या भागात चांगला कूपर त्या लाल खोलीतून सुटतो. विजेच्या सॉकेटमधून बाहेर येतो, हो, खरंच सॉकेटमधून, आणि लास वेगासमधल्या डगी जोन्स नावाच्या विमा कंपनीतल्या माणसाची जागा घेतो. पण त्याचं डोकं चालत नाही. समोरचा बोलेल त्यातला शेवटचा शब्द तेवढा तो परत म्हणतो. बायको त्याला कपडे घालते, ऑफिसवाले त्याला लिफ्टपर्यंत नेतात. कॉफीचा वास आला की चेहऱ्यावर काहीतरी हलतं, बस तेवढंच.

सगळ्यांना वाटलं, एखादा भाग चालेल हे. पुढच्या रविवारी येईल भानावर. नाही आला. त्याच्या पुढच्याही नाही. कूपर खरा जागा झाला सोळाव्या भागात, २७ ऑगस्टला. म्हणजे चौदा आठवडे लोक दर रविवारी टीव्हीसमोर बसून म्हणतायत, "अरे ऊठ बाबा!"

एक गट म्हणाला, ही शुद्ध फसवणूक आहे. २५ वर्षं ज्या माणसाची वाट बघितली, तो दिला पण असा दिला की हाती काहीच लागू नये.

दुसरा गट म्हणाला, हीच तर गंमत आहे. हा माणूस काहीही न करता आजूबाजूच्यांचं आयुष्य सुधारतोय. आणि आपल्याला जुना कूपर किती पटकन हवाय, याची आपल्यालाच जाणीव होतेय.

माझं मत सांगतो. सोळाव्या भागात तो हॉस्पिटलच्या पलंगावर उठून बसतो आणि मागे जुनं संगीत सुरू होतं, तेव्हा अंगावर जो काटा येतो, तो चौथ्या भागात आला नसता. वाट बघायला लावली म्हणूनच तो आला. पण चौदाच्या ऐवजी आठ आठवडे चालले असते का? माझ्या मते चालले असते.

भांडण दुसरं: झाडू आणि अणुबॉम्ब

सातव्या भागात एक सीन आहे. रोडहाउस नावाचा बार बंद झालाय आणि एक माणूस झाडू मारतोय. झाडू मारतोय. अजून मारतोय. दोन मिनिटांहून जास्त वेळ, कॅमेरा हलत नाही.

तुमच्यातले निम्मे जण आत्ता मला दीडपट स्पीडवर ऐकताय, मला माहितीये. दुसऱ्या बाजूला हा दिग्दर्शक आहे, तो तुम्हाला झाडू बघायला लावतोय, आणि तोही खऱ्या स्पीडने. या सीनवर लोक अक्षरशः तावातावाने भांडले. "माझी दोन मिनिटं परत द्या" इथपासून ते "संपूर्ण सीझनमधला सगळ्यात शांत क्षण" इथपर्यंत.

आणि मग २५ जूनचा आठवा भाग. १६ जुलै १९४५, न्यू मेक्सिकोचं वाळवंट, जगातली पहिली अणुचाचणी. कॅमेरा हळूहळू त्या स्फोटाच्या ढगात शिरतो, आत, अजून आत. मागे पेंडेरेत्स्की या पोलिश संगीतकाराची, हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना. पुढचा बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीत, चित्र कृष्णधवल. जगात ही वाईट शक्ती कुठून आली, याचं उत्तर म्हणून त्याने थेट अणुबॉम्ब दाखवला.

आता मजा बघा. ज्यांना हा भाग आवडला त्यांनी टीव्हीच्या इतिहासातला सर्वोत्तम तास असं त्याचं वर्णन केलं. ज्यांना नाही आवडला त्यांनी विचारलं, "ऑड्री कुठंय?" आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते! ऑड्री हॉर्न, मूळ मालिकेतलं इतकं लाडकं पात्र, ती पहिल्यांदा दिसली थेट बाराव्या भागात. दिसली तीही एका खोलीत, नवऱ्याशी न संपणारं भांडण करताना. सोळाव्या भागात ती तिचा प्रसिद्ध नाच करते, आणि पुढच्याच क्षणी पांढऱ्या खोलीत आरशासमोर उभी. ती कुठे आहे, काय झालंय, मालिका सांगत नाही. डगीसाठी थांबलो त्याचं फळ मिळालं. ऑड्रीच्या बाबतीत मला आजही वाटतं की ते मिळालं नाही.

भांडण तिसरं, जे जास्त व्हायला हवं होतं

नव्या सीझनमध्ये बायकांवरची हिंसा खूप आहे. मूळ मालिकाही एका मुलीच्या खुनाची होती, पण तिथं लॉराचं दुःख अख्ख्या गावाने वाहिलं. पहिल्या भागात तिची आई किंचाळते तो आवाज विसरता येत नाही. २०१७ मध्ये मात्र कित्येक बाया पडद्यावर येतात, मारल्या जातात, आणि गोष्ट पुढे निघून जाते. त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. हा आक्षेप तेव्हा अनेक समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी घेतला. त्यावर "तुम्हाला लिंच कळला नाही" हे उत्तर मिळायचं. मला हे उत्तर पटत नाही. कळलाय म्हणूनच तर लोक विचारत होते.

आमच्या आयटीवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे. क्लायंट म्हणतो हे चालत नाहीये, आपण म्हणायचं, "सर, हा बग नाही, फीचर आहे." या मालिकेच्या कट्टर चाहत्यांनी ही ट्रिक सगळीकडे वापरली. कंटाळा आला? मुद्दाम आहे. प्रश्न सुटला नाही? मुद्दाम आहे. राग आला? तोच तर हेतू आहे. अशाने मालिका कधीच चुकू शकत नाही, चुकतो फक्त प्रेक्षक. आणि कुठल्याही कलाकृतीवर असं प्रेम करणं धोक्याचं, कारण मग बोलण्यासारखं काही उरतच नाही.

मग बग आणि फीचर ओळखायचं कसं? मी एक साधी टेस्ट लावतो. बनवणाऱ्याला जुन्या पद्धतीचं देता येत होतं का? पंधराव्या भागात एड आणि नॉर्मा बघा. शाळेपासूनचं प्रेम, आयुष्यभर अडलेलं. एडची बायको स्वतः येऊन त्याला मोकळं करते, आणि तो धावत नॉर्माच्या डायनरमध्ये जातो. तीन-चार मिनिटांत लिंच तुम्हाला रडवतो, अगदी जुन्या 'ट्विन पीक्स'सारखं. म्हणजे त्याला येत होतं. जिथं दिलं नाही, तिथं न द्यायचं ठरवलं होतं. मग आपण त्या ठरवण्याबद्दल भांडू शकतो. ते भांडण मला जास्त प्रामाणिक वाटतं.

म्हातारे झालेले चेहरे

एक गोष्ट मात्र दोन्ही गटांना मान्य होती. या सीझनमध्ये वेळ खरा दिसतो.

लाकडाचा ओंडका कवटाळून फिरणारी लॉग लेडी आठवतेय? ते काम करणाऱ्या कॅथरीन कोलसन कॅन्सरने आजारी होत्या. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी आपले सीन चित्रित केले आणि काही दिवसांतच त्या गेल्या. पडद्यावरही त्या फोनवर निरोप घेतात. तिथं अभिनय कुठे संपतो ते कळत नाही. अल्बर्टचं काम करणारे मिगेल फेरर जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे मालिका लागण्याआधीच वारले. डेव्हिड बोवी जानेवारी २०१६ मध्ये गेला, तर त्याच्या पात्राच्या जागी किटलीसारखं दिसणारं एक अवाढव्य यंत्र ठेवलं. शेरीफ ट्रुमनचं काम करणारे मायकेल ऑन्टकीन परतले नाहीत, तर त्या पात्राला आजारी दाखवून भावाला खुर्चीत बसवलं. हॅरी डीन स्टँटन शेवटचा भाग लागल्यावर दोन आठवड्यांच्या आत गेले. कित्येक भागांच्या शेवटी कुणाच्या तरी स्मरणार्थ पाटी येते.

इतर रिव्हायव्हल्स मेकअप आणि लायटिंगने वय झाकतात. इथं सुरकुत्या तशाच ठेवल्या. आपल्याला १९९० परत हवं होतं. मालिका म्हणाली, ते नाहीये आता.

आणि तो शेवट

३ सप्टेंबर २०१७, शेवटचे दोन भाग एकत्र. सतराव्यात सगळं काही मिळतं. दुष्ट कूपर संपतो, जुनी माणसं शेरीफच्या ऑफिसात जमतात. वर तो हिरव्या हातमोज्याचा पोरगा बुक्क्या मारून दैत्याला फोडतो. तेही काहींना पोरकट वाटलं, असो.

मग कूपर काळात मागे जातो, लॉराच्या खुनाच्या रात्री. तिचा हात धरून तिला जंगलातून बाहेर काढायला लागतो. नदीकाठचं प्रेत दिसेनासं होतं. म्हणजे पहिल्या भागाचा पहिला सीनच पुसला! पण वाटेत लॉरा हातातून सुटते, एक किंकाळी, आणि गायब.

अठराव्या भागात कूपर टेक्सासमधल्या ओडेसा गावात लॉरासारख्या दिसणाऱ्या बाईला शोधतो. तिचं नाव वेगळं आहे, तिला काही आठवत नाही. रात्रभर गाडी चालवून तो तिला तिच्या जुन्या घरी आणतो. दार उघडणारी बाई म्हणते, पामर कोण? आम्ही ओळखत नाही. हे काम त्या घराच्या खऱ्या मालकीणबाईंनीच केलंय. कूपर रस्त्यावर येऊन गोंधळून विचारतो, हे साल कोणतं? दुरून आईची हाक ऐकू येते, ती बाई किंचाळते, घरातले दिवे जातात. संपलं.

त्या वेळी मी बी.टेक. करत होतो आणि हॉस्टेलवर आम्ही तिघं होतो. एक जण म्हणाला, "हे काय फालतू!" आणि लॅपटॉप आपटून झोपायला गेला. दुसरा पहाटेपर्यंत थिअऱ्या सांगत होता. तो पहिला अजूनही त्या विषयावर बोलत नाही. पण एक फरक सांगायला हवा. आम्ही जुने दोन सीझन आठवड्याभरात संपवून नव्यावर आलो होतो. आमच्यासाठी ती २५ वर्षं म्हणजे 'नेक्स्ट एपिसोड' बटण दाबायला लागलेला वेळ. १९९१ मध्ये विशीत असलेला माणूस २०१७ मध्ये पंचेचाळिशीला टेकलेला होता. त्याने काय गमावलं ते आमच्या डोळ्यांना दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे "जुने फॅन नॉस्टॅल्जियात अडकलेत" असं जेव्हा आमच्या वयाचे लोक म्हणायचे, तेव्हा मला ते जरा उद्धट वाटायचं.

शेवटाबद्दल मी दुसऱ्या गटात आहे. कूपर जे करायला निघतो, तेच आपण करायला बसलो होतो. जे झालं ते पुसायचं, पोरीला घरी आणायचं, सगळं पूर्ववत करायचं. त्याने तसं केलं आणि घरच उरलं नाही. १९९० मध्ये खुनी सांगून जे झालं, त्याचं उत्तर २७ वर्षांनी दिल्यासारखं मला ते वाटतं. पण ज्याला इथं धक्का बसला, त्याला मी चूक म्हणणार नाही. आशा दाखवून ती काढून घेणं हे क्रूरच आहे, आणि ते जाणूनबुजून केलंय म्हणून कमी क्रूर होत नाही.

भांडण पुढे कुठवर गेलं? फ्रान्सच्या 'काइये द्यु सिनेमा' मासिकाने या मालिकेला २०१७ चा, आणि पुढे अख्ख्या दशकाचा, सर्वोत्तम 'चित्रपट' म्हटलं. झालं, मग हा सिनेमा की टीव्ही यावर नवीन युद्ध! मला विचाराल तर ती टीव्हीच. दर रविवारी थांबायला लावणं आणि मधला आठवडा डोक्यात घोळत ठेवणं हे सिनेमाला जमत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लिंच गेला. चौथा सीझन कधी, हा प्रश्न विचारण्यात आता फारसा अर्थ उरला नाही. त्याच्या जाण्यानंतर बऱ्याच नव्या लोकांनी ही मालिका पहिल्यांदा बघायला घेतली, आणि गंमत म्हणजे तेही त्याच दोन गटांत पडतायत. डगीवरून, झाडूवरून, त्या दारावरून.

बघणार असाल तर एक विनंती. आधी मूळ दोन सीझन, मग १९९२ चा 'फायर वॉक विथ मी' हा चित्रपट, आणि मगच 'द रिटर्न'. दिवसाला एकाहून जास्त भाग नको. आणि स्पीड, प्लीज, एकपटच ठेवा.

तुमचं काय? अशी कुठली मराठी मालिका आहे जी परत यावी असं वाटतं? आणि आली, पण तुमच्या लाडक्या पात्राला चौदा आठवडे बोलूच दिलं नाही, तर चालेल? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन ऐकवतो. शिव्या असतील तरी चालतील, बीप करून लावू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.